‘आपल्याला कसं दाखवलंय?’ याच्या पुढचा प्रश्न

मुस्लिम पात्र असलेला सिनेमा पाहून कुणी आलं की आपल्या मित्रमंडळींत पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आपल्याला कसं दाखवलंय?” उत्तरही एका शब्दात हवं असतं. चांगलं दाखवलं असेल तर पाहायचा. वाईट दाखवलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बहिष्काराचा मेसेज पुढे पाठवायचा आणि विषय संपवायचा.

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं मी म्हणणार नाही. तो कुठून येतो हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ प्रदर्शित झाला. संभाजी महाराजांचा ज्या क्रूरतेने शेवट झाला तो इतिहास आहे आणि त्यावर सिनेमा निघाला तर त्याला हरकत घेण्याचं काही कारण नाही. पण महिनाभरात औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, काही भागांत संचारबंदी लागली आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशेब आज कॉलेजात शिकणाऱ्या, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाकडे मागितला गेला. अशा वेळी सिनेमाला जाण्याआधी ‘आपल्याला कसं दाखवलंय’ असं विचारणं म्हणजे बाहेर पडण्याआधी आभाळाकडे पाहण्यासारखंच आहे.

तरीही गेल्या काही दिवसांत २०२५ मधले तीन हिंदी सिनेमे लागोपाठ पाहिले आणि वाटलं, की हा प्रश्न आपल्याला फार लवकर थांबवतो. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’, ‘हक’ आणि ‘होमबाउंड’ हे ते तीन सिनेमे. तिन्हींच्या केंद्रस्थानी मुस्लिम माणसं आहेत. तिन्हींत आपल्याला ‘चांगलं’ दाखवलंय की ‘वाईट’, हे ठरवायला गेलो तर सिनेमातलं महत्त्वाचं तेवढं हातातून निसटतं.

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला तो २८ फेब्रुवारीला, म्हणजे ‘छावा’नंतर बरोबर दोन आठवड्यांनी. ‘छावा’च्या गर्दीत तो आला कधी आणि गेला कधी, हे अनेकांना कळलंही नाही. रीमा कागती यांचं दिग्दर्शन, वरुण ग्रोव्हर यांचं लेखन आणि गोष्ट आपल्या नाशिक जिल्ह्यातली. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख हा तरुण मित्रांना गोळा करतो आणि हौशी कॅमेऱ्यावर ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती काढतो. ही कल्पित कथा नाही. नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ खरंच निघाला, गावात चालला आणि त्यातून मालेगावची स्वतःची छोटी चित्रपटसृष्टी उभी राहिली. फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा सुंदर माहितीपटही केला आहे.

मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांना काय आठवतं? २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट. २००६ च्या स्फोटात मेले ते मुसलमान आणि आधी पकडले गेले तेही मुसलमानच. ज्या तरुणांनी त्यापायी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली, त्यांना न्यायालयाने दोषमुक्त केलं ते २०१६ मध्ये. या सिनेमात यातलं काही नाही. काही मित्रांची त्यावर तक्रार आहे, की एवढी मोठी जखम दाखवलीच नाही. मला मात्र ते योग्य वाटलं. यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्या शफीकला हिरो व्हायचंय, फरोगला लेखक म्हणून मान हवाय, नासिरला पैसाही हवाय आणि नावही. मैत्री तुटते, श्रेय कुणाचं यावरून भांडणं होतात. त्यांच्या आयुष्याचा विषय ‘मुसलमान असणं’ हा नाही, सिनेमा काढणं हा आहे. आपल्याकडच्या पोरांना पडद्यावर एवढीशी मोकळीक क्वचितच मिळते. दर वेळी आपली गोष्ट जखमेपासूनच सुरू झाली पाहिजे, असा नियम आपण तरी का करावा?

एक गोष्ट मात्र खटकली आणि तिचा दोष सिनेमाकडे जात नाही. मालेगावच्या त्या खऱ्या सिनेमांत नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण गावातल्या मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची मुभा नव्हती. मुलांनी सुपरमॅनला आकाशात उडवलं, पण घरातली बहीण त्या खेळात नव्हती. हे हसत हसत पाहून सोडून देण्यासारखं नाही. आणि याच जागेवरून मी ‘हक’कडे वळतो.

‘हक’बद्दल आपल्याकडे सिनेमा येण्याआधीच मतं तयार होती. शाहबानो प्रकरणावर आजच्या वातावरणात सिनेमा, म्हणजे आपल्याला झोडपण्यासाठी आणखी एक काठी, असं अनेकांनी न पाहताच ठरवलं. सुपर्ण वर्मा यांचा हा सिनेमा निर्दोष नाही. त्यातल्या शाझिया बानोला वकील नवरा सोडतो, ती पोटगीसाठी न्यायालयात जाते आणि लढाई वर्षानुवर्षं चालते. यामी गौतमने काम ताकदीने केलंय. पण मूळ घटना याहून जास्त बोचणारी आहे. इंदूरच्या शाहबानो यांचं लग्न १९३२ चं, मुलं पाच. १९७५ मध्ये नवऱ्याने घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये तलाक दिला. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी मंजूर केली ती महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैशांवर नेली. नवरा नावाजलेला वकील, तरी तेवढेही द्यायला नको म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. पडद्यावर तरुण, देखणी नायिका आल्यामुळे हे म्हातारपण मागे पडतं. त्रेचाळीस वर्षं संसार केलेल्या आजीला कुणी १७९ रुपयेही नाकारतो, ही गोष्ट मला सिनेमातल्या कुठल्याही संवादापेक्षा मोठी वाटते.

पण ‘आपल्याला कसं दाखवलंय’ हा प्रश्न बाजूला ठेवून पाहिलं, तर ‘हक’मधली बाई कुराणाच्या विरोधात उभी नाही. ती ते वाचून उभी आहे. “तुम्ही वाचलंय का?” असं ती विचारू शकते. प्रत्यक्षातही सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ च्या निकालात सूरह बकरामधल्या आयतींचा आधार घेतला होता. तलाक दिलेल्या स्त्रियांची योग्य सोय करणं हे परहेजगार माणसांचं कर्तव्य आहे, असं सांगणाऱ्या या आयती. न्यायालयाने कुराणाचा अर्थ लावावा की नाही, यावर वाद जरूर व्हावा. पण चाळीस वर्षं आपण त्याच वादात राहिलो आणि त्या बाईचं पोट कसं भरणार, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. १९८६ चा कायदा झाला, २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्त्रियांच्या बाजूने लावला, आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते. आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणींना हे माहीत आहे?

कुणी म्हणेल, या सिनेमावर टाळ्या वाजवणाऱ्यांना मुस्लिम बाईबद्दल काय पडलंय? अनेकांना खरंच काही पडलेलं नसतं. तिच्या नवऱ्याच्या दुकानावर बहिष्कार घाला म्हणणाराच तिच्या तलाकवर हळहळतो, हे आपण पाहतो. पण टाळ्या कोण वाजवतंय यावर आपली बाजू ठरू लागली, तर आपला प्रश्न आपणच त्यांच्या हाती दिला असं होईल. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मराठी मुलखातल्या बायकाच बोलल्या होत्या. दलवाईंच्या सगळ्या मतांशी सहमत व्हावं असं नाही. पण हा प्रश्न बाहेरून आणून लादलेला आहे, असं निदान महाराष्ट्रातल्या मुसलमानाने तरी म्हणू नये.

तिसरा सिनेमा ‘होमबाउंड’, आणि या तिन्हींत मला तो सगळ्यात जवळचा. नीरज घायवान यांचं नाव ‘मसान’मुळे आपल्याला माहीत आहे. बशारत पीर यांनी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या लेखावर हा सिनेमा बेतलाय. टाळेबंदीत सूरतहून गावी निघालेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. वाटेत एक आजारी पडतो आणि दुसरा त्याला सोडत नाही. रस्त्याच्या कडेला मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या त्या मुलाचा फोटो तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर आला होता. त्याच दिवसांत तबलिगी जमातच्या नावाने देशभर आपल्याला विषाणू ठरवलं जात होतं, हेही आठवत असेल.

सिनेमात मोहम्मद शोएब आणि चंदन वाल्मीकी दोघंही पोलीस भरतीची परीक्षा देतात. खाकी वर्दी अंगावर आली की कुणी जात आणि धर्म विचारणार नाही, हा त्यांचा भाबडा हिशेब. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. निकाल लांबतो. शोएब एका कंपनीत लागतो, तिथे त्याच्या हातचं पाणी नको असतं. साहेबाच्या घरी भारत-पाकिस्तान सामना रंगतो आणि चेष्टेच्या नावाखाली त्याची देशभक्ती तपासली जाते. त्यावर तो भाषण करत नाही. निघून जातो. असं निघून जाणं आपल्यापैकी अनेकांनी केलंय, आणि घरी त्याचं कारण कधीच सांगितलेलं नाही.

पण ‘होमबाउंड’ आपल्या अपमानावर थांबत नाही, म्हणून तो मोठा आहे. चंदन आडनाव लपवतो, आरक्षणाचा हक्क असताना फॉर्मवर खुल्या प्रवर्गाची खूण करतो. शोएबला लपवायला जागाच नाही, त्याचं नावच सगळं सांगतं. एकाला लपवण्याची लाज, दुसऱ्याला न लपवता येण्याची शिक्षा. दोघांची दुखणी वेगळी आहेत आणि ती एकमेकांवर चिडतातही, तरी मैत्री टिकते. सिनेमा ‘दलित-मुस्लिम एकजूट’ अशी घोषणा देत नाही, ती एका डब्यात जेवताना दाखवतो.

इथे आपल्यालाही आरसा आहे. चंदनची लाज पाहून डोळे पुसणाऱ्या आपण आपल्या बिरादऱ्यांकडे पाहिलंय का? बागवान, अत्तार, कुरेशी, मोमीन, पिंजारी, छप्परबंद ही नावं फक्त धंद्यांची राहिलेली नाहीत. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे जुम्याच्या बयानात खरं आणि रिश्ता जुळवताना खोटं ठरतं. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीला नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात सगळ्यात आधी समजवावं लागलं ते आपल्याच माणसांना, की मागासलेपण मान्य करण्याने दीन कमी होत नाही. चंदनची खुल्या प्रवर्गातली खूण आपल्याही अनेक घरांत आहे.

मग सिनेमाला विचारायचं काय? माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: या पात्राला काम आहे का, घर आहे का, चूक करण्याची मुभा आहे का? त्याला राग येतो का, ते कुणावर प्रेम करतं का, की फक्त पिस्तूल चालवण्यासाठी नाहीतर नायकासाठी जीव देण्यासाठी आणलंय? देशासाठी मरणारा ‘चांगला मुसलमान’ दाखवला की आपण खूश होतो. तोही माणूस नसतो, प्रमाणपत्र असतं. शिवरायांच्या सैन्यातल्या मुस्लिम सरदारांची यादी आपण तोंडपाठ म्हणतो तेव्हाही आपण प्रमाणपत्रच दाखवत असतो. यादी खोटी नाही. पण इथे राहायला आपल्याला त्या यादीची गरज का पडावी?

‘सैराट’मधला सल्या आठवा. करमाळ्याकडचा, अस्सल तिथलीच मराठी बोलणारा, मित्रासाठी मार खाणारा सलीम शेख. त्याच्या मुसलमान असण्यावर सिनेमात चर्चा होत नाही, तो नुसता असतो. २०१६ नंतर मराठी पडद्यावर असे सल्या किती आले? आपण घरी दख्खनी बोलतो, बाजारात मराठी, कोकणात तर कोकणी मुसलमानाची बोली आणखी निराळी. तरी मराठी सिनेमातला मुसलमान बहुधा तुटक हिंदीतच बोलतो.

त्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. नासिर शेखकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. तुमच्या खिशातल्या फोनचा कॅमेरा त्याच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला आहे. मोहल्ल्यातल्या तलाकशुदा खालांची, भरतीसाठी धावणाऱ्या भावाची, हिजाबमध्ये एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट तुमच्या मराठीत सांगा. आणि या वेळी नायिका बाहेरगावाहून आणू नका.

तोवर हे तीन सिनेमे पाहा, शक्यतो एकट्याने नको. ‘हक’ अम्मीसोबत, आपांसोबत पाहा आणि संपल्यावर त्यांना आधी बोलू द्या. ‘होमबाउंड’ एखाद्या चंदनसोबत पाहा. असा मित्रच नसेल, तर ती उणीव आधी भरून काढा.