पुराआधी होडीचं बूड बघा

उचगावात बसून होडीबद्दल लिहितोय म्हटल्यावर काही जण हसतील. आपलं गाव महामार्गाला लागून, इथं होडीचं काय काम? पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ तो महामार्गच पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या गावांतली माणसं होडीनंच बाहेर काढावी लागली. पूर्वी गुऱ्हाळाची काहीलसुद्धा या कामी यायची. आता बऱ्याच गावांत फायबरची नाहीतर लाकडी होडी असते. ज्यांच्या ताब्यात ती आहे, त्या मंडळांना आणि ग्रामपंचायतींना एवढंच सांगायचंय: तिचं बूड पावसाळ्याआधी बघा.

बूड खराब होतं ते उन्हाळ्यात. बंधाऱ्याला बरगे घातले की पाणी तुंबतं, तापतं. त्यात सांडपाणी आणि उसाच्या रानातलं खत उतरलेलं. शेवाळाला आणखी काय पाहिजे? पाण्याच्या रेषेलगत, जिथं ऊन पोचतं, तिथं हिरवा पट्टा आधी दिसतो. त्याखाली हात फिरवलात तर दुधावरच्या सायीइतका बुळबुळीत थर लागेल. दिसायला काहीच नाही, पण होडी जड चालते. संथ पाण्यात वल्हवताना ते कळतही नाही. पुराच्या धारेविरुद्ध माणसं भरून जाताना मात्र इंजिनाचा जोर तिथंच खर्ची पडतो.

हा थर ओला आणि कोवळा असतानाच पुसा. पंधरवड्यातून एकदा होडी काठाला उथळ पाण्यात घ्यायची, कुशीवर कलती करायची आणि जुन्या गोणपाटानं रगडायची. साबण, ॲसिड काही लागत नाही. तारेचा ब्रश फायबरला अजिबात लावू नका. वरचा गुळगुळीत लेप ओरखडला की पुढचं शेवाळ त्याच ओरखड्यात घट्ट बसतं. आणि बुडी मारून होडीखाली शिरायचा पराक्रम कुणी करू नये. पंचगंगेचं पाणी नाकातोंडात जाण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही.

त्याहून बरं म्हणजे काम नसेल तेव्हा होडी पाण्याबाहेरच ठेवणं. दोन ओंडक्यांवर पालथी घातली की शेवाळ आपोआप वाळून मरतं. फायबरची होडी वर्षभर पाण्यात राहिली तर लेपाखाली पाणी मुरून फोड येतात. एखादा फोड टोचला की आंबूस वासाचं पाणी येतं. तसं दिसलं तर वरून रंग मारून झाकू नका, जाणकाराला दाखवा. लाकडी होडीची गोष्ट वेगळी. ती उन्हात टाकली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि ऐन पुरात पाणी आत येतं. तिला झाडाची नाहीतर शेडची सावली हवी.

कुणीतरी समुद्रातल्या बोटींचा विषारी रंग सुचवेल. तो नको. कोकणात बुडाला कालवं आणि टणक कवचाचे इतर जीव चिकटतात म्हणून तिथं तांब्याचा रंग मारतात. आपल्या गोड्या पाण्यात तो त्रास नाही. तांबं मात्र माशांना मारतं. कथिलाचा विषारी रंग तर आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून जहाजांनाही बंद आहे. जुना रंग खरवडायचा असेल तर खाली ताडपत्री अंथरा, कपच्या नदीत जाऊ देऊ नका.

इंजिन असेल तर पाणी ओढायची जाळी बघा. तिथं शेवाळ किंवा जलपर्णीची मुळं अडकली की इंजिन तापून बंद पडतं. सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना, हे आधी बघायचं आणि मगच माणसं बसवायची. होडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात, समजा रंकाळ्यात, नेणार असाल तर आधी कोरडी करा. जलपर्णीचा एक तुकडा पुरतो.

आरमारानं पावसाळा सुरक्षित बंदरात काढावा, ही काळजी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. कोकणातले मच्छीमार मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत होड्या वर ओढून डागडुजी करतात. आपल्याला तेवढी सवलत नाही, कारण आपली होडी नेमकी जुलै-ऑगस्टमध्येच लागते. म्हणून हे काम मे महिन्यात, बरगे निघायच्या आत उरका. बरगे काढले की पाणी झपाट्यानं उतरतं, होडी चिखलात रुतते आणि मग अख्खं तालीम मंडळ आणलं तरी ती हलत नाही.