सरासरी कुठली, ते आधी विचारा

मुरबाडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी 19 वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. दर जूनमध्ये बारावीच्या वर्गाला एक गणित घालतो. एसटी माळशेजला निघाली. निम्मं अंतर ताशी 60 किलोमीटरने, निम्मं घाटात ताशी 20 ने. सरासरी वेग किती? अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, ‘चाळीस, सर!’ उत्तर 30 आहे. गाडी घाटात जास्त वेळ असते, म्हणून घाटाचं वजन जास्त.

बेरीज करा आणि भागा, एवढ्यावर आपण शाळेत सरासरी संपवतो. हे मला मान्य नाही.

मोबाइलचंच उदाहरण घ्या. त्याच्या सिग्नलसाठी जी चिप लागते, ती बऱ्याचदा गॅलियम आर्सेनाइडची असते. त्याच्या स्फटिकात अणूंची एकच मांडणी एका मिलिमीटरमध्ये 17-18 लाख वेळा येते. इलेक्ट्रॉनला जाणवणारा विभव, मुलांच्या भाषेत पोटेन्शियल, तितक्याच वेळा खाली-वर होतो. श्रोडिंगरचं 1926 चं तरंग समीकरण एवढ्या चढउतारांसकट सोडवायला कुणी बसणार नाही. मग बेरीज-भागाकाराची सरासरी घेऊ? तसं केलं तर विभव सपाट होतो आणि इलेक्ट्रॉन पोकळीत असल्यासारखा, आपल्या मूळ वस्तुमानाने धावायला हवा. प्रत्यक्षात तो 0.067 पट, म्हणजे जवळपास पंधरापट हलका असल्यासारखा वागतो. चढउतार नाहीसे झालेच नाहीत. ते वस्तुमानात जाऊन बसले.

हे वस्तुमान काढण्याची रीत आमच्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे: शितावरून भाताची परीक्षा. एकाच युनिट सेलपुरतं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका मांडणीपुरतं, समीकरण नीट सोडवायचं, फेलिक्स ब्लॉखने 1928 मध्ये दाखवलेले तरंग घ्यायचे आणि ऊर्जेचा आलेख किती वाकतो ते पाहायचं. त्या वाकण्यातून नवं वस्तुमान मिळतं. सेल लहान होत शून्याकडे गेली की ब्लॉखच्या वेगवान थरथरीवर चढलेला संथ आकार खरोखरच या सोप्या समीकरणाप्रमाणे चालतो का, हे सिद्ध करणं म्हणजे समांगीकरण. श्रोडिंगर समीकरणासाठी अलेर आणि पियात्नित्स्की या गणितींनी 2005 मध्ये ते केलं. विभव काळानुसारही झपाट्याने हलत असेल तर काय होतं, यावर पुढच्या वर्षी अलेर यांच्यासोबत काम मांडलं ते एम. वन्निनाथन यांनी. वन्निनाथन तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात गणिती होते. आपल्या देशातलं हे काम आमच्या एकाही विद्यार्थ्याच्या कानावर गेलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्थात, सगळी शितं सारखी असली तरच एका शितावर विसंबता येतं. पाण्याचं तसं नाही. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तानसा आहे. तिथलं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ठाणे, कल्याण या शहरांसोबत या पाड्यांच्या पाण्याची सरासरी काढली की टँकर कागदावरून गायब. हिशेब बरोबर असतो, सरासरी चुकीची निवडलेली असते. टोकावड्याकडच्या एका विद्यार्थिनीने हे एसटीच्या गणितावरून स्वतःच ओळखलं होतं.

बारावीला अर्धवाहकांचा धडा आहे. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात. कुलाब्याच्या टाटा संस्थेतल्या आणि पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्षातला एक दिवस आमच्या मुरबाड-शहापूरच्या मुलांना द्या, आणि हे सगळं मराठीत सांगा. एसटीचं गणित मी आधीच सोडवून घेतलेलं असेल. शहापूरसाठी आसनगावला उतरायचं, मुरबाडला कल्याणहून एसटी मिळते.