तुटलेल्या बोटांची किंमत कोण देणार?



2017 च्या फवारणीच्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने 20 हून अधिक माणसे गेली. शेकडो दवाखान्यात पडली. काही शेतकरी होते, बरेच रोजाने फवारणारे मजूर होते. लगेच उपदेश सुरू झाला : मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. डोक्याला लागणारी पऱ्हाटी, भादव्याचे ऊन आणि पाठीवर पंप. उपदेशकांनी तो पोशाख चढवून एक एकर फवारून दाखवावे. आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा एकरी औषध किती, हे पाठ केले. फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडते, हे कुणी शिकवले नाही.

आता हिशेब पाहा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात 2020 पासून 15 हजारांपर्यंतचा पगार हिशेबात धरला जाई. 40 वर्षांचा असा कामगार कामावर मेला, तर घरच्यांना 13 लाखांवर रक्कम मिळे. दोन बोटे तुटली तर कमाईची 20 टक्के ताकद गेली, असे तो कायदा मोजत असे. शेतकऱ्याच्या अपघात योजनेत मरणाचे 2 लाख. एक डोळा किंवा एक हात गेला तर 1 लाख. मळणी यंत्रात दोन बोटे गेली तर काहीच नाही. ज्वारी मळणाऱ्याची बोटे बोटे नव्हेत काय?

सातबारा नसलेल्या घरातल्या मजुराला तर तेही नाही. त्याची भरपाई मालकाने द्यायची. फवारणारा आणि यंत्रावर मळणी करणारा मजूर त्या जुन्या कायद्याच्या यादीत होताच. 2025 च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण मालक कोण? आपणच. कोरडवाहू पाच एकरांचा मालक 13 लाख कुठून आणणार? हे मजुरालाही ठाऊक आहे. म्हणून तो दावा करत नाही. गावात बसून थोडक्यात मिटते. यात आपलीही मान खाली जाते, हे कबूल करू. दावे नाहीत म्हणून सरकार समजते, अपघातच नाहीत!

कारखानदार कामगाराच्या विम्याचा खर्च मालाच्या किमतीत धरतो. आपल्या कापसाच्या उत्पादनखर्चात बियाणे, खत, मजुरी येते. तुटलेल्या हाताचा रकाना नाही. तो हात आपण फुकट विकतो.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आमचे ठराव असे :

1. बोटांच्या इजेलाही भरपाई मिळावी. भूमिहीन मजूर योजनेत यावा.

2. विम्याचा हप्ता औषध आणि यंत्र बनवणाऱ्यांकडून विक्रीमागे घ्यावा. नफा त्यांचा, मरण आमचे, हे चालणार नाही.

3. धोकादायक यंत्रांचा कायदा 1983 साली झाला. संरक्षक झडप नसलेले मळणी यंत्र विकणाऱ्यावर तो चालवून दाखवा.

4. अपघाताची जोखीम उत्पादनखर्चात धरा.

आणि एक शपथ आपली आपण घ्यायची. गावात कुणी जखमी झाला, तर मिटवामिटवी नाही. पंचनामा करू, दवाखान्याचा कागद घेऊ, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अर्ज टाकू. भीक मागायची नाही. घामाचा हिशेब मागतो, तसा रक्ताचाही मागायचा.