पावती म्हणजे परवाना नाही



न्यू जर्सीतल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, मिस्टरांसोबत माझाही ग्रीन कार्डचा अर्ज भरलाय. पावती आली. आता दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेऊ ना?"

माझं उत्तर सरळ आहे. फक्त पावती असेल तर नाही. वर्क परमिटचं कार्ड हातात आलं की बिनधास्त.

ग्रीन कार्डचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-४८५. तो पेंडिंग असताना तुम्ही अमेरिकेत राहू शकता, पण कमवायची परवानगी वेगळी. त्यासाठी आय-७६५ भरायचा, मग ईएडी कार्ड मिळतं. त्यावर सी-०९ ही कॅटेगरी असते. हे कार्ड एका कंपनीला बांधलेलं नसतं. नोकरी करा नाहीतर स्वतःचा धंदा, दोन्ही चालतं.

आता तुम्ही म्हणाल, "ओळखीतलेच गिऱ्हाईक आहेत, कॅशमध्ये घेतलं तर कोणाला कळतंय?" इथेच माझं डोकं फिरतं. पैसे घेतले की ते काम झालं, कॅश असो वा ऑनलाइन. परवानगीशिवाय कधी काम केलंय का, हा प्रश्न आय-४८५ मध्येच विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिलं तर आणखी मोठी अडचण. नोकरीच्या कोट्यातल्या अर्जांना १८० दिवसांपर्यंतची सवलत आहे, मान्य. पण माफीच्या भरवशावर कोणी दुकान टाकतं का? चार डबे चकलीसाठी अख्ख्या घराचा अर्ज पणाला लावायचा?

दुसरी गोष्ट, मिस्टरांची. अर्ज त्यांच्या नोकरीवर उभा आहे. एच-१बी वर असताना त्यांनी ईएडीवर बाहेरचं काम सुरू केलं, तर एच-१बीचा आधार जातो. उद्या अर्ज नाकारला गेला तर मागे काहीच उरत नाही. म्हणून माझं मत, धंदा ताईंच्या नावावर ठेवा. मिस्टरांनी त्यात हात घालण्याआधी वकिलाला विचारा.

तिसरी गोष्ट, मुदत. आधी हे कार्ड ५ वर्षांपर्यंत मिळायचं. ५ डिसेंबर २०२५ पासून ते जास्तीत जास्त १८ महिन्यांचं झालंय. रिन्यूअल भरलं की जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं, तेही ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या बहुतेक अर्जांना बंद झालं. म्हणजे नवीन कार्ड वेळेत आलं नाही तर धंदा थांबवावा लागेल. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून रिन्यूअल भरता येतं. त्याच दिवशी भरा!

आपल्याकडे ११ महिन्यांच्या करारावर गाळा घेतला की आपण त्यात लाखोंचं फर्निचर ठोकतो का? नाही ना? तोच हिशोब इथे. १८ महिन्यांच्या कार्डावर ५ वर्षांचं लीज नको, मोठं कर्ज नको. छोटं सुरू करा, उचलून ठेवता येईल असं.

आणि कार्ड येईपर्यंत? चकलीचं किलोमागे कॉस्टिंग काढा. घरून खाद्यपदार्थ विकायचे तुमच्या राज्याचे नियम वाचा, तो परवाना पुन्हा वेगळाच असतो. पॅकिंग ठरवा, नाव ठरवा. तयारीला कोणाची मनाई नाही.

कार्ड आलं की पहिली ऑर्डर घ्या, आणि पहिल्या दिवसापासून पक्कं बिल फाडा. मग धंद्याला घाबरायचं कारणच उरत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!