सोसत नाही, हे सांगायचं कुणाला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, आणि खरं सांगायचं तर आळस. पण मागच्या रविवारी निघोज्याला घरी गेलो होतो, तिथली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी आमचं गाव पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलंय त्यांना आता रस्ता विचारावा लागेल. चाकण एमआयडीसी पसरली आणि शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्या उगवल्या. आमच्या जुन्या घरामागेही सहा आहेत. (नातेवाइकांनी हसू नये, तुमच्याही आहेत.) त्यातल्या एका खोलीत नांदेडकडचा एक मुलगा राहतो. तेवीस-चोवीस वर्षांचा, ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेला. त्याला टीबी आहे, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, ज्याला एमडीआर म्हणतात तो. हे त्याला विचारूनच लिहितोय. नाव-गाव नको म्हणाला, तेही बरोबरच आहे. टीबी म्हटल्यावर खोली खाली करायला लावणारे घरमालक आमच्याच आळीत आहेत.

तर रविवारी सकाळी हा मुलगा नळावर पाणी भरत होता. हंडा उचलून निघाला आणि एका पायातली चप्पल मागेच राहिली. चार पावलं गेला तरी त्याला पत्ता नाही. मी पाहिलं आणि हसलो. दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, ओट्यावर बसला होता. तो हसला नाही. उठून त्याच्याजवळ गेला आणि मोठ्यांदा (तो सगळंच मोठ्यांदा बोलतो, का ते पुढे येईलच) म्हणाला, "पायाला मुंग्या येतात का रे? कधीपासून?"

मुलगा आधी नाही म्हणाला. मग म्हणाला महिना झाला. मग म्हणाला दीड. डॉक्टरांना सांगितलंस का, तर नाही. का नाही? "ओरडतील. नाहीतर गोळ्याच बंद करतील, मग टीबी वाढंल."

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. तेच."

ते 'तेच' काय, ते घरच्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो.

२०१४ साली दादाला एमडीआर टीबी झाला. तेव्हा दोन वर्षांचा कोर्स असायचा. त्यात पहिले किमान सहा महिने, रविवार सोडून रोज एक इंजेक्शन. कानामायसिन त्याचं नाव. नावातच कान आहे असा विनोद तेव्हा आम्ही केला होता, आज आठवला की लाज वाटते. सोबत मूठभर गोळ्या. एका गोळीने पोटात डचमळायचं, सकाळचा चहासुद्धा राहायचा नाही. घरात सगळे म्हणायचे, औषध गरम पडतंय. मग सब्जा, गुलकंद, ताक.

दादा प्रेस शॉपमध्ये कामाला होता. तिथे आठ तास उभं राहिलं की कुणाच्याही कानात शिट्टी वाजते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कान वाजायला लागले तेव्हा त्याने प्रेसला दोष दिला. आम्हीही दिला. मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग मोबाईलची रिंग. त्याला स्वतःला खरं कळलं ते गावच्या सप्त्यात. दादा टाळकरी. कीर्तनाला उभा राहिला, पखवाज ऐकू येतोय, बुवांचा आवाजही थोडाफार येतोय, पण टाळ नाही. स्वतःच्या हातातला टाळ वाजतोय हे दिसतंय, हाताला जाणवतंय, आणि ऐकू येत नाही.

नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. कानाच्या आतल्या भागात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. हे औषध त्या पेशी मारतं, आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच, बारीक आवाज टिपणाऱ्या. म्हणून टाळ गेला आणि पखवाज राहिला. ऐकण्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पुढे दर महिन्याला केली, तर ही घसरण माणसाच्या लक्षात येण्याआधी कागदावर दिसते. दादाची अशी तपासणी झाली नव्हती. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. कान वाजतात हे तो चार महिने दवाखान्यात बोलला नाही, कारण आधी एकदा उलट्यांचं बोलल्यावर तिथल्या कुणीतरी ऐकवलं होतं, "जगायचंय ना? मग एवढं सोसायला नको?"

दुसरी गोष्ट वहिनींची. त्या औषधांत सायक्लोसेरिन नावाची एक गोळी असायची. ती काही जणांच्या डोक्यावर परिणाम करते, म्हणजे झोप उडणं, उदासपणा, भास, संशय. दादा रात्रभर अंथरुणात बसून राहायला लागला. सोबतचे कामगार आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवताहेत म्हणायचा. गावात बोललं जाऊ लागलं की बाहेरचं आहे. अंगारा झाला, लिंबू झाला. वहिनी शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या, पण त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. त्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. गोळ्या कधी सुरू झाल्या, झोप कधी गेली. आणि एक दिवस ती एक गोळी गुपचूप बाजूला काढायला लागल्या. बारा दिवस. दादा शांत झाला.

आता हे चुकीचं होतं, धोक्याचंही होतं. टीबीच्या गोळ्यांतली एखादी परस्पर कमी केली की उरलेल्या औषधांनाही जंतू सरावतात. पण त्यांचं निरीक्षण मात्र अगदी बरोबर होतं! शेवटी त्यांनी रडत रडत एका नव्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मी सोबत होतो. मला वाटलं, आता झापणार. बाईंनी कॅलेंडर मागून घेतलं, नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात आणायचं होतं." मग डोस बदलला, बी-६ची गोळी वाढवली आणि दादाला मनोविकार विभागात दाखवलं. कानाचंही तेव्हाच निघालं. इंजेक्शन थांबलं, पण गेलेलं गेलं.

दादा बरा झाला. टीबी गेला, फुप्फुस वाचलं. त्या औषधांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही, त्यांच्याशिवाय तो आज ओट्यावर बसलेला नसता. माझा राग आहे तो 'सोसायला हवं' या वाक्यावर. आपल्या भाषेत औषध मानवतं, सोसतं, बाधतं, गरम पडतं, इतके शब्द आहेत. म्हणजे औषध त्रास देऊ शकतं हे आजीलाही माहीत होतं. तरी डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसलं की आपण म्हणतो, "बरंय." आणि घरी येऊन एकतर मुकाट सोसतो, नाहीतर मुकाट सोडतो.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं नाव काहींनी वाचलं असेल. पत्रकार. २०१३ साली टीबीच्या उपचारात याच इंजेक्शनने त्यांची श्रवणशक्ती गेली. त्या गप्प बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती अशीच गेलेली. दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या गोळीच्या वाढीव पेटंटला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलै २०२३ मध्ये मूळ पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांना ती बनवायची वाट मोकळी झाली. कानामायसिनचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच ते वापरू नका असं सांगितलं होतं. २०२४ पासून आपल्याकडे सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा कोर्स आला. आमच्या भाडेकरूला तोच चालू आहे.

इंजेक्शन गेलं, कान वाचले. पण या नव्या कोर्समध्ये लिनेझोलिड आहे. त्याने पायांच्या नसा बधिर होऊ शकतात, रक्त कमी होऊ शकतं, नजरेवर आणि रंग ओळखण्यावरही परिणाम होऊ शकतो. वेळेत कळलं तर डोस कमी करता येतो, गरज पडली तर ते औषध थांबवता येतं, आणि तो निर्णय डॉक्टर घेतात. पण त्यांना कळायला कुणीतरी सांगायला हवं ना? चप्पल निसटते हे एक्सरेत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. औषधाचा त्रास झाला तर रुग्ण स्वतःही सरकारकडे नोंदवू शकतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे हे काम आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. फॉर्म मराठीतही मिळतो. ही तक्रार नसते, त्यासाठी पुरावा लागत नाही, शंका पुरते. दादाच्या कानांची नोंद कुठेही नाही. फक्त वहिनींच्या कॅलेंडरवर आहे, आणि ते २०१५ संपल्यावर रद्दीत गेलं.

सोमवारी मुलाला घेऊन दादाच गेला. एका दिवसाची हजेरी बुडाली म्हणून मुलगा कुरकुरत होता. डॉक्टरांनी पाय तपासले, रक्त घेतलं, रंगांची पुस्तिका दाखवली, डोस निम्म्यावर आणला. ओरडले का, असं मी फोनवर विचारलं. वहिनी म्हणाल्या, "थोडं ओरडले भाऊजी. पण ह्यांना ऐकू कुठं येतंय? हे आपले हो हो करत बसले."

मुंग्या अजून आहेत, रात्री जास्त. कमी व्हायला महिने लागतील म्हणे. वहिनींनी त्याच्या खोलीत कॅलेंडर लावून दिलंय.