आतडेही तपासा

अतिस्थूल माणूस दवाखान्यात गेला, मग तो दवाखाना यवतमाळचा असो की मुंबईचा, की त्याच्या ताटाची चौकशी आधी होते. पोळ्या किती, गोड किती, चहा कितीदा. ऐकणाऱ्याचा त्याच्या उत्तरावर विश्वास बसत नाही आणि सांगणारा ओशाळतो. ताटातले अन्न गिळल्यावर त्याचे पुढे काय होते, हे मात्र कोणी पाहत नाही. जठराच्या खाली सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे असते आणि अन्नातील जवळजवळ सगळे पोषण तिथेच शोषले जाते. वजनाच्या आजाराचा विचार करताना हाच अवयव वगळणे शास्त्राला धरून नाही आणि रुग्णावर तर तो अन्यायच आहे.

लहान आतडे नुसते शोषत नाही. अन्न पोचताच त्याच्या अस्तरातल्या पेशी जीआयपी आणि जीएलपी-१ ही संप्रेरके सोडतात. दोन्ही स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेतात. जीएलपी-१ मेंदूला पोट भरल्याची खबरही देते. २०१५ साली ॲडलेडच्या संशोधकांनी मधुमेह नसलेल्या अतिस्थूल व्यक्तींच्या लहान आतड्यात थेट ग्लुकोज सोडून पाहिले. सडपातळ लोकांपेक्षा ते त्यांच्यात अधिक वेगाने शोषले गेले. जीआयपी जास्त स्रवले, जीएलपी-१ कमी. हा फरक लठ्ठपणाचे कारण की परिणाम, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण सारखेच जेवलेल्या दोघांच्या रक्तात साखर सारखीच उतरते, हे गृहीतक त्याने मोडले. त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरिस यांनी वजन उतरवण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या शेकडो रुग्णांचा अनुभव मांडला होता. वजन फारसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच, मधुमेह्यांची साखर आटोक्यात येऊ लागे. २०२५ मध्ये भारतात आलेली माउंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने आतड्याच्या याच संप्रेरकांसारखे काम करतात. औषध बाजारात आले. ज्या अवयवावरून ते सुचले, त्याची आपल्याकडची स्थिती कोणी तपासायची?

परदेशी निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील, असे मानू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारे भारतीय शरीर आतून कसे वेगळे असते, हे त्या एका चित्राने जगाला पटवले. मग अतिस्थूल भारतीयाचे आतडे युरोपियन माणसासारखेच चालत असेल, हे कशावरून?

आपल्याकडे लहान आतड्याचा अभ्यास झाला तो मुख्यतः उपासमार आणि जंतुसंसर्ग डोळ्यांपुढे ठेवून. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात केलेले काम आजही आधारभूत आहे. अस्वच्छ पाणी आणि वारंवार होणारे जुलाब यांनी आतड्याच्या अस्तरावरचे शोषण करणारे बारीक उंचवटे खुरटतात, हे त्या परंपरेतून कळले. यवतमाळमध्ये हे ज्ञान आणि नवा आजार समोरासमोर येतात. कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कुपोषणाची काळजी संपलेली नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर आहे आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लहानपणी उपाशी राहिलेल्या आणि पुढे अतिस्थूल झालेल्या बाईचे आतडे कसे असते? या प्रश्नाला पुस्तकी उत्तर पुरत नाही. तिचे वजन पाहून तिला खाऊनपिऊन सुखी समजले जाते. रक्त तपासले तर लोह कमी निघू शकते. स्थूलतेतील दाहामुळे लोहाचे नियमन करणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडते.

बायपास करून आलेल्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्या शस्त्रक्रियेत अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जाते आणि लोह व कॅल्शियम प्रामुख्याने तिथेच शोषले जातात. म्हणून लोह आणि कॅल्शियम, शिवाय बी-१२, जन्मभर घ्यावे लागते. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होईल. पुढची वीस-तीस वर्षे रुग्ण राहणार दारव्ह्याला, वणीला, पुसदला. त्याचे रक्त वेळेवर तपासणारा माणूस इथेच हवा.

आतड्याच्या अशा अभ्यासाला अवाढव्य यंत्रणा लागत नाही. लॅक्ट्युलोज-मॅनिटॉल पाजून लघवीतले त्यांचे प्रमाण मोजले की आतड्याची गळती कळते. श्वासातला हायड्रोजन मोजून लहान आतड्यात वाढलेल्या जंतूंचा अंदाज येतो. ग्लुकोज पाजून ठराविक अंतराने रक्त घेणे तर कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाला जमते. यवतमाळात १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. पुढच्या तुकडीतल्या एकाला तरी हा विषय द्यावा, रुग्णांची लेखी संमती घ्यावी, त्यांचा मान राखावा आणि आरोग्य विद्यापीठाने या कामाला निधी द्यावा.