आरएसएस लावा, पण नागपूरचे नव्हे

दचकू नका, हे आरएसएस वेगळे. रिअली सिंपल सिंडिकेशन. १९९९ साली नेटस्केप कंपनीने सुरू केलेली साधी सोय. घरी पेपर लावतो तसा ब्लॉग ‘लावायचा’. फीडली, इनोरीडर यांसारखे एखादे रीडर ॲप घ्यायचे आणि त्यात हव्या त्या ब्लॉगचा पत्ता टाकायचा. नवा लेख आला की तो तिथे येऊन पडतो, कुठून आला आणि कधी आला या नोंदीसह. नवे वर, जुने खाली, एवढाच हिशेब.

१ जुलै २०१३ ला गूगलने आपला रीडर बंद केला आणि आपल्याकडे हा विषय जवळपास संपला. आता काय वाचायचे ते व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम ठरवतात. ७ जून २०२३ ला काही मोबाइल स्टेटसवरून कोल्हापूर बंद झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडले गेले. फीडमुळे हे टळले असते असे मी म्हणणार नाही. दगड उचलणाऱ्याला वाचायचे नसतेच. प्रश्न आपला आहे: अशा वेळी आपल्या हातात फॉरवर्डशिवाय काय असते?

फातिमा शेख यांचेच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने हे पात्र आपणच रचल्याचे जाहीर केले. एकीकडे ‘बघा, खोटेच होते’, दुसरीकडे नुसत्या शिव्या. कामाची गोष्ट वेगळीच होती. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे, आणि मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ते पत्र १९८८ पासून छापलेले आहे. फातिमांविषयी फिरणाऱ्या बाकी बऱ्याच तपशिलांना मात्र पुरावा नाही, हेही तितकेच खरे. ९ जानेवारीला शाळेत त्यांच्यावर बोलणाऱ्या शिक्षकाला वर्गातल्या एखाद्या पोराने उलट विचारले, तर या दोन्ही गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. फॉरवर्डवर तयारी केलेल्या शिक्षकाची तिथे फजिती होते, आणि पोरे ती विसरत नाहीत.

म्हणून डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी, शिकवण्या घेणाऱ्यांनी तरी हे करून पाहावे. इतिहासावर, विज्ञानावर लिहिणारे चार-पाच जण निवडा. आपल्याला न पटणारा एक तरी त्यात असू द्या. वर्डप्रेसवरच्या बहुतेक ब्लॉगचे फीड नुसता पत्ता टाकला तरी रीडर शोधून काढतो. यूट्यूब चॅनेलचेही फीड लावता येते. आणखी एक फारसे कुणी न वापरलेले फीड आहे: विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानाचे. शाहू महाराज, हमीद दलवाई, फातिमा शेख यांच्या लेखांत कुणी काय घातले, काय काढले, ते आपोआप कळत राहते. संदर्भ नसलेले वाक्य दिसले तर संदर्भ शोधून दुरुस्तही करता येते. विकिपीडिया सगळ्यांनाच खुला आहे. आपल्याबद्दल दुसरे काय लिहितात यावर तक्रार करणारे पुष्कळ आहेत, दुरुस्ती करायला बसणारे फार थोडे.

फीडमधला मजकूर खराच असतो असे नाही. ब्लॉगरही थापा मारतात. पण थाप कुणाची ते माहीत असते, आणि त्याला कायमचा काढून टाकायला एक बटण पुरते.

शिकवण्याचा एक फोल्डर करा, आणि दुसरा निव्वळ आपल्या आवडीचा. कोल्हापुरात असाल तर तो फुटबॉलचा असेल, हे सांगायला नको.